गावातल्या सगळ्यांच्या खेळासाठी पैसा कुठून, कसा आणि कधी मागायचा

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर असताना मी संध्याकाळचा खेळवर्ग सुरू केला. वर्गात पाच दिव्यांग मुलं होती, सातवीनंतर ज्यांचं मैदानावर येणं घरच्यांनी बंद केलं होतं अशा मुली होत्या, पारधी वस्तीवरची मुलं होती आणि हळूहळू बाकावर बसून बघायला येणाऱ्या दोन-चार आज्याही होत्या. पहिल्या वर्षी पैशासाठी मी एकच अर्ज केला, 'गावात दिव्यांग मुलांसाठी खेळाची सोय करावी.' अकरा महिने फाइल फिरली आणि शेवटी काम आलं ते ओपन जिमचं. लोखंडी यंत्रं बसवायला अर्धा फूट उंच सिमेंटचा चौथरा बांधला होता आणि त्याला उतार ठेवलेला नव्हता. ज्या मुलाच्या चाकाच्या खुर्चीसाठी मी खेटे घातले, तो चौथऱ्याखालीच राहिला.

तेव्हा कळलं की पैसा मिळवणं हे अर्धंच काम आहे. सरकारी पैसा बांधकामाकडे आपोआप वळतो, आणि खेळ चालतो तो माणसावर: शिकवणाऱ्यावर, मुलाला घरून आणणाऱ्यावर. ही दोन टोकं कशी जुळवायची हे पुढच्या तीन वर्षांत जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते. तुमचं गाव सांगोल्यात असो की अक्कलकोटात, क्रम हाच ठेवा.

१. आधी मुलं मोजा, मग पैसे

एक दोनशेपानी वही घ्या आणि घरोघर जा. दिव्यांगांची यादी ग्रामपंचायतीत असते, पण ती बहुतेक वेळा मोठ्या माणसांची आणि दिसणाऱ्या अपंगत्वाची असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अंशतः अंध, ऐकू कमी येणारी, गतिमंद, स्वमग्न, सिकलसेल, थॅलेसेमिया असलेली मुलंही येतात. यातली कितीतरी मुलं कुठल्याच यादीत नसतात, कारण ओळखपत्र काढलेलं नसतं. ज्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नाही त्यांचा ऑनलाइन अर्ज याच वेळी भरून टाका आणि तपासणीला सोबत कुणीतरी जा. पुढे प्रत्येक दाराशी हे कार्ड मागतात.

वहीत प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: काय खेळायला आवडेल, कोणत्या वेळी जमेल, मैदानापर्यंत कसं येणार, आणि घरातून कोण नको म्हणतंय. चौथा रकाना मुलींसाठी सर्वात महत्त्वाचा. आमच्याकडे नऊ मुलींपैकी सहा जणींच्या घरी अडचण खेळाची नव्हती. अंधार पडायच्या आत परत येण्याची आणि मैदानाजवळ शौचालय नसण्याची होती. मैदान शाळेच्या आवारात हलवलं आणि वेळ साडेचार ते सहा केली. सहाही जणी आल्या आणि यासाठी एक रुपया लागला नाही.

आपण ठरवलेला खेळ मुलांवर लादू नका. आमच्या एका मुलाच्या उजव्या पायात जोर कमी होता. मी त्याच्यासाठी बुद्धिबळ आणलं. त्याला हवी होती लंगडी. जन्मभर डाव्या पायावरच तोल सांभाळलेला तो मुलगा, लंगडीत त्याला कुणी गाठू शकत नव्हतं. लगोरी, सागरगोटे, बसून खेळायचा व्हॉलीबॉल यांत थोडा फरक केला की सगळी मुलं एकत्र खेळतात. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलचं मैदान १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असतं, जाळं पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि महिलांसाठी १.०५ मीटर उंच. म्हणजे शाळेच्या पटांगणाचा एक कोपरा पुरतो. अंध मुलांसाठी आवाज करणारा चेंडू लागतो. सीमारेषेच्या फक्कीखाली सुतळी ताणून ठेवली की रेषा पायाला कळते.

२. खर्चाचे तीन ढीग करा

एकाच अर्जात सगळं मागितलं की त्यातलं फक्त बांधकाम मंजूर होतं. म्हणून अंदाजपत्रक सुरुवातीलाच तीन भागांत लिहा: जागा आणि बांधकाम, साहित्य, माणूस आणि वाहन. प्रत्येक ढिगाचा दाता वेगळा.

आमचा दुसऱ्या वर्षाचा दहा महिन्यांचा हिशेब असा होता. साहित्य १८,००० रुपये. गावातल्याच एका पदवीधर खेळाडूला मानधन महिना ३,०००, म्हणजे ३०,०००. वस्त्यांवरच्या मुलांसाठी रिक्षा महिना २,४००, म्हणजे २४,०००. पाणी आणि प्रथमोपचार ४,०००. एकूण ७६,०००. मैदानाचं सपाटीकरण यात नाही. तिसऱ्या ढिगाला कुणी सहज पैसे देत नाही, पण तो नसेल तर आधीचे दोन गंजत पडतात. म्हणून सर्वात आधी तिसरा ढीग कोण उचलणार ते शोधा.

बांधकामाच्या ढिगात आपल्या भागासाठी एक गोष्ट न विसरता घाला: मुरूम. काळ्या मातीत जूनपासून चाकाची खुर्चीच काय, कुबडीही रुतते, आणि उन्हाळ्यात भेगांत टोक अडकतं. मुरमाचा थर, त्यावर रोलर, आणि रस्त्यापासून मैदानापर्यंत पक्की वाट. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. सावलीही मागा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि काही मुलांना ऊन मुळीच सोसत नाही.

३. पहिलं दार ग्रामपंचायतीचंच

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. दिव्यांगांचा वाटा आधी ३ टक्के होता, २०१८ मध्ये तो ५ टक्के झाला. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं मिळून ग्रामपंचायतीचं उत्पन्न आठ लाख असेल, तर दिव्यांगांचे ४०,०००, महिला-बालकल्याणाचे ८०,००० आणि मागासवर्गीयांचे १,२०,००० होतात. ग्रामसेवकांना, ज्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी आहे, भेटून नमुना नंबर १ म्हणजे अंदाजपत्रक बघायला मागा. तो तुमचा हक्क आहे. गोड बोलून मिळत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकू नका. ज्यांच्याबरोबर वर्षभर काम करायचं त्यांना आधी दुखवू नये.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगते. मी ग्रामसभेत उठून म्हटलं, ५ टक्के निधीतून चेंडू, जाळी आणि मानधन द्या. मागच्या रांगेतून एक अंध आजोबा बोलले, "बाई, मला वर्षाला ह्येच हजार रुपयं मिळत्यात. ते तुम्ही चेंडूत घालणार व्हय?" सभेत शांतता झाली. आजोबांचं बरोबर होतं. अनेक गावांत हा निधी मार्चमध्ये दिव्यांग व्यक्तींना वाटून दिला जातो आणि त्या रकमेवर कुणाचं तरी औषध अवलंबून असतं. त्यातून खेळासाठी मागायचं तर गावातल्या दिव्यांग व्यक्तींची आधी वेगळी बैठक घ्या, त्यांनी हो म्हटलं तरच आणि तेवढंच मागा. आम्ही त्या वर्षी ५ टक्क्यांना हात लावला नाही. पुढच्या वर्षी आजोबांनीच सुचवलं की घंटेचे दोन चेंडू त्यातून घ्या.

मग आम्ही मागितलं कुठून? मुलींच्या प्रशिक्षणाचा खर्च १० टक्क्यांतून. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडेही शाळकरी मुलींना स्वसंरक्षण आणि शारीरिक विकासाचं प्रशिक्षण देण्याची योजना असते, तिचा आधार अर्जात दिला. वस्तीवरच्या मुलांची रिक्षा आणि वस्तीजवळच्या मैदानाची साफसफाई १५ टक्क्यांतून मागितली. मैदानाचा मुरूम वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती, उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होती. या अबंधित पैशातून पगार देता येत नाही, म्हणून तिथे मानधन मागू नका. मैदानालगतचं शौचालय मात्र स्वच्छतेच्या बंधित निधीत बसतं. उतार आणि आधाराचा दांडा असलेलं शौचालय असं अंदाजपत्रकात स्पष्ट लिहून घ्या.

हे सगळं 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात आलं तरच पुढे सरकतं. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिथे विषय आधी मांडा. महिला सभेत आलेला ठराव ग्रामसभेत टाळता येत नाही, निदान आमच्याकडे कुणाला टाळता आला नाही. ग्रामसभेला मुलांनाही न्या. मी वीस मिनिटं बोलून जे झालं नाही, ते आमच्या एका मुलीनं "मला घरात बसून कंटाळा येतो" एवढं म्हटल्यावर झालं.

ठरावात मोघम शब्द येऊ देऊ नका. 'खेळाची सोय करणे' असं लिहिलं की ओपन जिम येते. असं लिहा: 'शाळेच्या आवारातील मैदानावर ३० बाय २० मीटर जागेत मुरूम टाकून रोलिंग करणे, प्रवेशद्वारापासून मैदानापर्यंत १.५ मीटर रुंद पक्की वाट व एकास बारा प्रमाणात उतार करणे.' ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल आठवड्याच्या आत घ्या. उशीर झाला की ठरावातले शब्द बदलल्याचं मी पाहिलं आहे.

४. शाळेत जे आधीच आहे ते शोधा

समग्र शिक्षा अभियानात खेळाच्या साहित्यासाठी शाळेला वार्षिक तरतूद आहे: प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. त्यातून घेतलेलं साहित्य पुष्कळ शाळांत कपाटात कुलूपबंद असतं, हरवलं तर भरून कोण देणार या धाकानं. मुख्याध्यापकांना लेखी हमी द्या, देवाणघेवाणीची नोंदवही ठेवा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. आमचं निम्मं साहित्य असंच मिळालं.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना पहिल्या महिन्यातच भेटा. कोणत्या मुलाला काय झेपेल, कुणाला काय करू द्यायचं नाही, हे ते सांगतात. शिवाय दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वाहतूक भत्ता आणि मदतनीस भत्त्याची तरतूद याच विभागातून होते. ती शाळेत येण्याजाण्यासाठी आहे. पण खेळवर्ग शाळा सुटल्यावर लगेच शाळेतच घेतला, तर परतीची तीच रिक्षा कामी येते. आमचा तिसरा ढीग यामुळे जवळजवळ निम्म्याने हलका झाला.

५. जिल्ह्याची दारं

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास या अनुदान योजना आहेत. पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो, त्यामुळे प्रस्ताव जून-जुलैत गेलेला बरा. जागेच्या मालकीचा कागद इथे सर्वात आधी बघतात. मैदान गायरानात असेल तर नुसत्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर चालत नाही, महसूल खात्याची मंजुरी लागते आणि त्यात वर्ष जातं. शाळेची जागा असेल तर जिल्हा परिषदेची लेखी परवानगी घ्या.

खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो, आमदारांचाही स्थानिक विकास निधी असतो. खासदार-आमदार कामाची शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. म्हणून शिफारसपत्र मिळालं की काम झालं असं समजून पेढे वाटू नका. नियोजन कार्यालयात पत्राचा जावक क्रमांक घेऊन पाठपुरावा करावा लागतो. या निधीतून टिकाऊ सार्वजनिक काम होतं, मानधन नाही.

अधिकाऱ्यांपुढे कायद्याचा आधार ठेवा. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे, कलम ३० खेळाबद्दल. कलम ३० मध्ये क्रीडा सुविधा सर्वांना वापरता येतील अशा करण्याचा आणि निधी देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हे क्रमांक लिहा.

जिल्ह्यातली आणि शेजारची उदाहरणंही सांगा. करमाळा तालुक्यातल्या पांगरे गावचे जलतरणपटू सुयश जाधव यांनी लहानपणी विजेच्या अपघातात दोन्ही हात गमावले. त्यांनी २०१८ च्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि त्यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं. ही नावं ऐकून समोरचा माणूस ताठ बसतो. पण मुलांच्या नावावर पदकाचं आश्वासन देऊ नका. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना पदक मिळणार नाही आणि त्यांचा संध्याकाळचा दीड तासही तितकाच त्यांच्या हक्काचा आहे.

६. कंपन्या आणि देणगीदार

२०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हाच तो सीएसआर. परवानगी असलेल्या कामांच्या यादीत, म्हणजे अनुसूची सातमध्ये, ग्रामीण खेळ आणि पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण नावानिशी आहे. प्रशिक्षण हा शब्द महत्त्वाचा, कारण इथेच मानधन बसतं. फताटेवाडीचा एनटीपीसी प्रकल्प, होटगी परिसरातले सिमेंट कारखाने, चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहती ही आपल्याकडची शोधायची ठिकाणं. कंपन्या सहसा प्रकल्पाजवळच्या गावांना आधी देतात, तेव्हा अर्जात अंतर लिहा.

सापळा साखर कारखान्यांचा आहे. जिल्ह्यात कारखाने भरपूर, म्हणून सगळे तिकडे धावतात. सहकारी कारखाना कंपनी कायद्याखाली येत नाही, त्याला सीएसआरचं बंधन नाही. तिथे देणगी म्हणून विनंती करा, हक्क म्हणून नको. खासगी कारखाना कंपनी असेल तर नफ्याची अट लागू होते का ते आधी बघा.

सीएसआरचा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत द्यायचा तर ती संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या हव्यात, अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी हवी. एवढ्यासाठी घाईनं नवी संस्था काढू नका. तीन वर्षांचा अनुभव कुठून आणणार? तालुक्यातली चांगल्या हिशेबाची जुनी संस्था शोधा आणि तिच्याशी लेखी करार करा. करारापूर्वी धर्मादाय कार्यालयात तिचा बदल अर्ज प्रलंबित नाही ना ते बघा. विश्वस्त बदलले आणि नोंद झाली नाही, तर बँक खातं अडकतं. आमचे ४०,००० रुपये असेच पाच महिने अडकले होते, आणि रिक्षावाल्याचे पैसे मी घरून दिले.

गावात वर्गणी काढणार असाल, तर नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, ती रक्कम बँकेतूनच घ्या. शक्य तिथे पैशाऐवजी वस्तू मागा. आमच्या गावच्या ट्रॅक्टरवाल्यानं रोलर फुकट फिरवला, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीनं वर्षभराची रिक्षा उचलली.

७. महिन्यांचं भान

एप्रिल-मेमध्ये वही आणि अंदाजपत्रक. जून-जुलैत जिल्ह्याचे प्रस्ताव, पण आषाढीच्या आसपासचे पंधरा दिवस सोडून. त्या काळात बहुतेक यंत्रणा पंढरपूरच्या तयारीत असते. ऑगस्ट ते ऑक्टोबर महिला सभा, ग्रामसभा आणि आराखडा. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते, काही मुलं आईवडिलांबरोबर निघून जातात आणि काही बाहेरून फडावर येतात. हजेरी बदलेल हे देणगीदाराला आधीच सांगा, आणि आलेल्या मुलांना खेळात घ्या. डिसेंबर-जानेवारीत ग्रामपंचायतीच्या पुढच्या अंदाजपत्रकात नाव घाला. निवडणुका लागल्या की आचारसंहितेत नवं काम मंजूर होत नाही. मार्चअखेरीस घाईनं आलेलं साहित्य उघडून, मोजून, मगच सही करा.

जवळ ठेवायची कागदपत्रं

- मुलांची यादी, यूडीआयडी कार्डांच्या प्रती, पालकांची संमतीपत्रं
- महिला सभा, ग्रामसभा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावांच्या नकला
- जागेचा उतारा आणि मालकाची लेखी परवानगी
- अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि नकाशा, त्यात उतार दाखवलेला
- साहित्याची तीन दरपत्रकं
- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए, ८०जी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
- प्रत्येक अर्जाची पोच, तारीख आणि आवक क्रमांकासह

८. हिशेब सगळ्यांसमोर

काम सुरू असताना मैदानावर रोज कुणीतरी जा. आमच्या दुसऱ्या कामात उताराचा फरमा फारच उभा लागला होता. काँक्रीट पडायच्या आधी दिसला म्हणून बदलता आला. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलालाच तपासायला न्या. तो एका फेरीत सांगतो ते मोजपट्टीला कळत नाही. कामाचं शेवटचं बिल निघण्याआधी ही फेरी झालीच पाहिजे.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्या, नाहीतर पुढचा हप्ता थांबतो. पावत्या, हजेरी आणि तारखेसह फोटो एकाच ठिकाणी ठेवा. फोटोत मुलं खेळताना दिसू द्यात, साहित्य हातात घेऊन पाहुण्यांसोबत रांगेत उभी केलेली नकोत. आमच्या मुलांनी हे स्वतः सांगितलं, आणि तेव्हापासून आम्ही वाटपाचा कार्यक्रमच बंद केला. वर्षातून एकदा ग्रामसभेत जमा-खर्च मोठ्यानं वाचून दाखवतो. वही शाळेच्या खिडकीत असते, कुणीही मागितली तर द्यायची. सध्या ती सातवीतली एक मुलगी लिहिते आणि तिनं मागच्या महिन्यात रिक्षाच्या बिलात माझी साठ रुपयांची चूक काढली.